थांब म्हणायला लागणारा वेळ

मादी पडली तेव्हा संध्याकाळचे सात वाजून सात मिनिटं झाली होती. वेळ एवढी नक्की आठवते, कारण गोळीचा आवाज झाल्यावर मी पहिल्यांदा घड्याळाकडे बघितलं. का ते माहीत नाही. प्रॉडक्शनमध्ये काही पडलं की आम्ही आधी वेळ लिहून ठेवतो, ती सवय असेल.

शेजारी आमचा टीम लीड बसला होता. त्याने रायफल हळूच खाली घेतली, माझ्याकडे बघून हसला आणि अंगठा वर केला. मीही अंगठा वर केला. आणि तेवढ्यात समोरच्या नेच्यांतून पाडस बाहेर आलं.

आता हे सगळं कुठे आणि मी तिथे काय करत होतो, ते सांगतो.

जर्मनीत सोलिंग नावाचा डोंगराळ जंगलपट्टा आहे, वेझर नदीच्या पूर्वेला. त्याच्या कडेच्या एका गावात मी भाड्याने राहतो. शहरात एका खोलीला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात इथे अख्खा वरचा मजला मिळाला, एवढंच कारण. घरमालक एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त सुतार. त्यांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी गावाजवळच्या जंगलाचे आणि शेतांचे शिकारीचे हक्क भाड्याने घेतलेत. इथे शिकारीचा हक्क जमिनीला चिकटलेला असतो. सलग ७५ हेक्टर जमीन असेल तर मालकाचं स्वतःचं शिकारक्षेत्र होतं. त्याहून कमी असेल तर गावातल्या सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरतात आणि तो पट्टा कुणाला तरी वर्षानुवर्षांच्या कराराने देतात. करार घेणाऱ्याला हक्काबरोबर काम मिळतं. रानडुकरांनी मका उलथला तर भरपाईसाठी शेतकरी त्याच्या दारात. हरणांनी कोवळ्या झाडांची साल सोलली तर वनवाले त्याच्या दारात. २०१८ नंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांनी आणि खोडकिड्याने इथली स्प्रूसची झाडं डोंगरच्या डोंगर वाळवली. आता तिथे नवी रोपं लावतात आणि हरणं ती खातात. म्हणून कुठल्या वयाची, नर की मादी, किती हरणं मारायची याचा आराखडा मंजूर होतो आणि तो पुरा करावा लागतो.

माझा शिरकाव झाला तो कॅमेऱ्यांमुळे. जंगलात त्यांनी चार कॅमेरे लावले होते आणि हजारो फोटो एका जुन्या लॅपटॉपवर पडून होते. त्यातल्या निम्म्या फोटोंत हलणारी फांदी. मी एका शनिवारी बसून रिकामे फोटो बाजूला काढणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली. त्या दिवसापासून मी त्यांच्या दृष्टीने भाडेकरूचा माणूस झालो. मला रान दाखवायला नेऊ लागले, वाटा दाखवल्या, हद्दीचे दगड दाखवले. मला बंदुकीचं काही आकर्षण नव्हतं. पण परक्या देशात संध्याकाळी कुणी "येतोस का?" विचारतंय, याचं होतं.

आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "हरणं मारतात? आणि तू बघत बसतोस?" आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर शिकार हा शब्दच गुन्ह्याच्या बातमीत येतो, त्यामुळे तिला हे समजावणं कठीण. तिने श्रावणबाळाची आठवण करून दिली. मग पांडूची. आपल्या दोन्ही महाकाव्यांत शिकारीला गेलेल्या राजाने चुकीचा जीव मारला आणि पुढच्या पिढ्यांनी ते फेडलं. दशरथाने आवाजावर बाण सोडला, पांडूने हरीण समजून ऋषीवर. आईचं म्हणणं एवढंच होतं की तू त्यात नको. मी म्हटलं, मी फक्त फोटो बघतो.

लीडची गोष्ट अशी. त्याने त्याच वर्षी शिकारीच्या परवान्याची परीक्षा पास केली होती. ही परीक्षा सोपी नसते. प्राण्यांची ओळख, रोग, कायदा, हत्यारं, कुत्री, मांसाची स्वच्छता, सगळं येतं. लोक तिला गमतीने हिरवी बारावी म्हणतात. पण परवाना मिळाला तरी रान कुठाय? नव्या परवानाधारकाला पहिली तीन वर्षं करार घेता येत नाही. कुणीतरी पाहुणा म्हणून बोलवावं लागतं. जेवणाच्या सुट्टीत मी घरमालकांच्या गोष्टी रंगवून सांगत असे. एक दिवस त्याने विचारलं, "मला एकदा नेतोस का?" माझं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांचं होतं, डिसेंबरमध्ये संपणार होतं, आणि ते वाढवायचं की नाही यावर त्याचा शब्द चालणार होता. हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं असं म्हणालो तर ते खोटं होईल.

घरमालक तयार झाले. पाहुण्यांच्या बाबतीत त्यांचे नियम ठरलेले आहेत. आधी कॉफी. मग परवाना बघायचा, ओळखीचा असला तरी. मग काय मारायचं ते सांगायचं आणि पाहुण्याकडून परत वदवून घ्यायचं, शाळेत पाढे म्हणून घेतात तसं. त्या संध्याकाळी परवानगी होती पाडसाला किंवा श्मालटीअरला. श्मालटीअर म्हणजे वर्ष उलटलेली, अजून एकदाही न व्यालेली मादी. मोठी मादी नाही. लीडने ते नीट म्हणून दाखवलं.

हे रेड डिअर म्हणजे आपल्या सांबराचं भाऊबंद. मे-जूनमध्ये मादी विते, एकच पाडस. सप्टेंबरमध्ये ते साडेतीन महिन्यांचं असतं, चरू लागलेलं असतं, पण दूधही पीत असतं, आणि मुख्य म्हणजे कळपात त्याला जी जागा असते ती आईमुळे असते. आई गेली की बाकीच्या माद्या त्याला हुसकावतात. ते कडेकडेने राहतं, खुरटतं, हिवाळा काढेलच असं नाही. म्हणून इथला नियम, आई आणि पाडस दोन्ही मारायची असतील तर आधी पाडस, मग आई. ऐकायला क्रूर आहे. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पिल्लू वाढवणाऱ्या आईला मारणं हा इथे नुसता संकेतभंग नाही, जर्मनीच्या शिकार कायद्याच्या बाविसाव्या कलमाखाली गुन्हा आहे. जाणूनबुजून केला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नजरचुकीने झालं तरी शिक्षा आहे, कमी.

सगळी अडचण ओळखण्यात. न व्यालेली मादी आणि व्यालेली मादी यांत फरक काय? एकीचं तोंड आखूड, मान बारीक, पोट वर उचललेलं. दुसरीचं तोंड लांबट, मान जड, पाठ किंचित वाकलेली. पुस्तकातल्या चित्रात शेजारी शेजारी उभ्या असल्या की कुणीही सांगेल. रानात शेजारी दुसरी नसते. कासेवरून खात्री होते, पण कास मागच्या पायांत दडलेली असते आणि प्राणी आडवा उभा असला तर दिसतेच असं नाही. शिकाऱ्यांच्या बोलीत कासेला म्हणतात कोळी, म्हणजे किडा कोळी. त्यांची बोलीच वेगळी आहे. रक्ताला घाम म्हणतात. डोळ्यांना दिवे. आणि प्राणी ओळखण्याला, म्हणजे कुठला, नर की मादी, वय काय, सोबत कोण, हे सगळं ठरवण्याला शब्द आहे आनश्प्रेशेन. रोजच्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ होतो एखाद्याशी बोलायला जाणं, कुणाला उद्देशून बोलणं. आधी त्याच्याशी बोल, मग बंदूक उचल. मला हा शब्द फार आवडला होता. मी तो लीडला ऑफिसात समजावूनही सांगितला होता, जणू त्याला तो माहीतच नव्हता.

रानाच्या हद्दी मला ठाऊक म्हणून मी लीडबरोबर बसायचं आणि घरमालक पलीकडच्या उतारावर, असं ठरलं. लाकडी मचाण घरमालकांनी स्वतः बांधलेलं, खिडकीला जुना गालिचा ठोकलेला, रायफल टेकवली तरी आवाज होऊ नये म्हणून. दीड तास काही नाही. दूर एक नर ओरडत होता, त्यांचा मिलनाचा हंगाम सुरू झाला होता. मग उजव्या कडेने एक मादी बाहेर आली आणि आडवी उभी राहिली.

लीडने दुर्बिणीतून बघितलं. कुजबुजला, "श्मालटीअर. एकटीच आहे." दुर्बीण खाली ठेवली, रायफल घेतली.

मी अजून दुर्बिणीतून बघत होतो. मादीच्या मागे पुरुषभर उंच नेचे होते, टोकाला पिवळे पडू लागलेले. त्यांत एक पान हललं, जे वाऱ्याने हलत नव्हतं. पान नव्हतं, कान होता. मग दुसरा.

इथून गोळीपर्यंत किती वेळ गेला? मी नंतर अनेकदा मोजून बघितलंय. चार सेकंद तरी. चार सेकंद खूप असतात. पण त्या चार सेकंदांत माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगायला लाज वाटते. मी वाक्य जुळवत होतो. ऑफिसात आम्ही सगळे एकमेकांना "डू" म्हणतो, म्हणजे अरे-तुरे. पण त्याला आज्ञा मी कधीच दिली नव्हती. "थांब" म्हणू? की "एक सेकंद, मला वाटतं" असं काहीतरी? आणि खरंच पाडस असलं तर ठीक, पण नसलं तर? त्याचं पहिलं हरीण मी घालवलं असं होईल. परीक्षा त्याने दिलीय, मी नाही. कोड रिव्ह्यूमध्ये मी हेच करतो. वरच्या माणसाच्या कोडमध्ये काही खटकलं तर आधी तीनदा तपासतो, मग "कदाचित माझं चुकत असेल, पण" असं लिहितो. तिथे वेळ असतो. इथे शब्द सापडला नसता तरी खांद्यावर हात ठेवता आला असता. हात दुर्बिणीवरच राहिला.

घरमालक वीस मिनिटांत पोचले. पाडस तोवर दोनदा आईजवळ येऊन आमच्या आवाजाने नेच्यांत पळालं होतं. त्यांनी मादीच्या मागच्या पायांमध्ये हात घातला, अंगठ्याने दाबलं, आणि हात टॉर्चच्या उजेडात आमच्यापुढे धरला. दूध होतं.

इथली रीत अशी की मारलेल्या प्राण्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, शेवटचा घास म्हणून, आणि दुसरी डहाळी त्याच्या रक्ताला लावून शिकाऱ्याला देतात, अभिनंदन करतात, तो ती टोपीत खोवतो. घरमालकांनी एक डहाळी तोडली. ती मादीच्या तोंडात ठेवली. टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले. दुसरी डहाळी तोडली नाही. लीड टोपी हातात घेऊन उभाच होता.

मग त्यांनी विचारलं, आवाज न चढवता, "गोळी मारण्याआधी काय काय दिसलं?"

"एकटी होती," लीड म्हणाला. "नक्की एकटी. लहान वाटली." मग माझ्याकडे बघून, "हो ना?"

घरमालकांनीही माझ्याकडे बघितलं.

"मला नीट दिसलं नाही," मी म्हणालो.

नराच्या बाबतीत चूक झाली तर ती लपत नाही. बऱ्याच भागांत वर्षातून एकदा सगळ्यांची शिंगं एका हॉलमध्ये मांडतात आणि जो नर मारायला नको होता त्याच्या शिंगांवर लाल ठिपका लावतात. पाहुण्याचं नाव खाली असतं. लोक बिअर पीत फिरतात आणि ठिपके मोजतात. मादीला शिंगं नसतात. तिची चूक कुठल्याही भिंतीवर टांगली जात नाही. त्या रानात आम्ही तिघेच होतो.

घरमालकांनी लीडला दोन गोष्टी सांगितल्या. एक, सोमवारपर्यंत तू स्वतः शिकार-अधिकाऱ्यांना फोन करून काय झालं ते सांग. नाही केलास तर मी करीन, कारण तुला बोलावलं मी. दुसरी, उद्या पहाटे पाच वाजता ये, पाडसासाठी बसायचंय. लीडने मान हलवली. गाडीत आम्ही दोघं काही बोललो नाही. उतरताना तो म्हणाला, "तिच्याजवळ काही नव्हतं हे तूही पाहिलंस, हे महत्त्वाचं ठरेल." मी दार लावलं.

पहाटे तो आला नाही. तब्येत बरी नाही असा मेसेज होता. मी गेलो. आम्ही दोघं बसलो, त्या पहाटे आणि त्या संध्याकाळी. पाडस आलं नाही. दुसऱ्या पहाटे धुकं एवढं की मचाणाची शिडी दिसेना, पण आवाज आला. आईला हाक मारणारं पाडस बारीक, नाकातून आल्यासारखं ओरडतं. थांबून थांबून. ते जिथे मादी पडली होती त्याच्या आसपास फिरत होतं. धुक्यात गोळी मारता येत नव्हती. आम्ही तासभर ते ऐकत बसलो.

त्या तासात मी सांगितलं. कान दिसले होते. आधी दिसले होते.

घरमालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला ठाऊक आहे. ते मचाण मी बांधलंय. डावीकडच्या जागेवरून नेचे दिसतात, उजवीकडून खोड आडवं येतं." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणून तुला डावीकडे बसवलं होतं."

याहून मोठ्या आवाजात मला कुणी कधी रागावलेलं नाही.

साडेआठच्या सुमाराला धुकं उठलं. पाडस उघड्यावर उभं होतं, साठेक पावलांवर, आमच्याकडे तोंड करून. ते आडवं होईपर्यंत घरमालक थांबले. मी या वेळी दुर्बीण खाली ठेवली नाही. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बरोबर कुणी?" मी सगळी कड पुन्हा बघितली आणि म्हणालो, "कुणी नाही." मग गोळी झाली. पाडस आम्ही दोघांनी उचलून आणलं. उचलताना कळलं की एकट्याला जमलं असतं. काळीज आणि हृदय यांवर ज्याने मारलं त्याचा हक्क असतो. त्यांनी ते मला दिलं. मी ते घरच्या काळ्या मसाल्यात केलं आणि खाल्लं. आईला हे सांगितलेलं नाही.

सोमवारी सकाळी ऑफिसच्या किचनमध्ये लीड भेटला. कॉफी मशीन दळत होतं तेवढ्यात मी म्हणून टाकलं, कारण ते थांबल्यावर धीर झाला नसता. "मी पाडस पाहिलं होतं. तू गोळी मारण्याआधी. मी बोललो नाही. कुणी विचारलं तर मी तेच सांगणार."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तू पाहिलं होतंस," तो म्हणाला. मग, "आणि बोलला नाहीस." मला वाटलं होतं तो घाबरेल, किंवा चिडेल. चिडला, पण वेगळ्या गोष्टीवर. "अरे, मी तुला विचारलं असतं! मला वाटलं तू बघतोयस. तू काही म्हणाला नाहीस म्हणून तर मी..." पुढचं वाक्य त्याने पुरं केलं नाही. मला ते आजही बोचतं, आणि आजही मला वाटतं की त्यात अर्धीच गोष्ट खरी आहे. परवाना त्याचा होता. बोट त्याचं होतं. पण माझं गप्प बसणं त्याने होकार म्हणून ऐकलं, आणि तसं ते ऐकलं जाणार हे मला त्या चार सेकंदांतही कळत होतं.

फोन त्याने दुपारी केला. मीटिंग रूमचं दार लावून. पुढे कागदपत्रं झाली, त्याला दंड भरावा लागला. किती ते मी विचारलं नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरात वाढलं. त्याचा या सगळ्याशी काही संबंध होता का, हेही विचारलं नाही.

नोव्हेंबरमध्ये रानात मोठा हाका असतो. आमच्या कोकणात आजोबांच्या तरुणपणी असायचा तसाच. फक्त इथे हाकेकऱ्यांना नारिंगी जाकीट घालावं लागतं. शिकारी ठरलेल्या जागांवर बसतात आणि हाकेकरी काठ्या बडवत, ओरडत रान उठवतात. घरमालकांनी लीडला निरोप पाठवला, माझ्याच हाती. ये. बंदूक आणू नकोस. काठी मिळेल.

मला वाटलं तो येणार नाही. तो आला. नवीन बूट घालून आला आणि पहिल्याच ओढ्यात गुडघ्यापर्यंत बुडाला. दिवसभर तो माझ्या डाव्या हाताला, वीस पावलांवर, काटेरी ब्लॅकबेरीच्या जाळ्यांतून ओरडत चालत होता. मी मराठीत ओरडत होतो. रानडुकरांना भाषेचं काही पडलेलं नसतं.

दुपारी शेकोटीभोवती वाटाण्याचं सूप होतं. बाहेरगावाहून आलेल्या एका शिकाऱ्याने लीडला सहज विचारलं, परवाना असून तू काठी घेऊन का फिरतोयस? मी माझ्या वाडग्यात बघायला लागलो.

"सप्टेंबरमध्ये पाडसाची आई मारली," लीड म्हणाला. "इथेच."

सगळे गप्प झाले. मग समोरचा एक म्हातारा, सकाळपासून ज्याने कुणाशी शब्द बोललेला नव्हता, पावाचा तुकडा सुपात बुडवत म्हणाला की आपण सत्तावीस वर्षांचे असताना मारली होती, आणि वडिलांनी दोन वर्षं बंदुकीला हात लावू दिला नव्हता. त्याच्या शेजारच्याने नराची गोष्ट सांगितली, लाल ठिपक्याची. मग आणखी एकाने. घरमालक मोठा पळा घेऊन सूप वाढत होते, कुणाला हवं नको ते बघत होते. त्यांनी काही सांगितलं नाही.

बाहेरगावचा तो माणूस माझ्याकडे वळला. "आणि तू? तूही शिकारी?"

"नाही," मी म्हणालो. "मी त्याच्या शेजारी बसलो होतो."